कावीळ न होताही यकृत पोखरणारा हिपॅटायटिस बी

रक्तदान केल्यानंतर काही दिवसांनी रक्तपेढीकडून बोलावणे येते आणि धडधाकट माणसाला आपल्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू असल्याचे प्रथमच समजते. गरोदरपणातील तपासणीत किंवा शस्त्रक्रियेपूर्वीही असेच घडते. ‘मला तर कधी कावीळ झालीच नाही,’ असे तो सांगतो आणि ते बहुधा खरेही असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातील २५ कोटी ४० लाख लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग होता. त्यांपैकी भारतातील रुग्णांची संख्या २ कोटी ९८ लाख होती. जगभरातील या रुग्णांपैकी जेमतेम १३ टक्क्यांच्या आजाराचे निदान झाले होते.

संसर्ग लपून राहतो, कारण हा विषाणू यकृतातील पेशींना सहसा थेट मारत नाही. त्या पेशी नष्ट करते ती विषाणूशी लढणारी आपलीच प्रतिकारशक्ती. प्रौढ माणसाच्या शरीरात ही लढाई जोरात होते. त्यामुळे कधी कावीळ होते आणि बहुतेक वेळा विषाणू हटतो. नवजात अर्भकाची प्रतिकारशक्ती मात्र त्याला परका म्हणून ओळखत नाही. म्हणूनच जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या सुमारे ९० टक्के मुलांमध्ये तो कायमचा मुक्काम ठोकतो. प्रौढांमध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी असते. सहा महिन्यांनंतरही विषाणूचा पृष्ठभागीय प्रतिजन रक्तात आढळला, तर संसर्ग दीर्घकालीन समजला जातो.

पुढे वीस-तीस वर्षे काहीही जाणवत नाही. दरम्यान यकृतात दाह होत राहतो, व्रण साचतात आणि काहींना सिरॉसिस होतो. पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी होणे ही लक्षणे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. या विषाणूमुळे सिरॉसिस नसतानाही यकृताचा कर्करोग होऊ शकतो. मद्यपानाने हानी अधिक वेगाने होते.

याहून गुप्त असा एक प्रकार आहे. त्यात नेहमीची पृष्ठभागीय प्रतिजनाची चाचणी निगेटिव्ह येते, तरी विषाणूचा जनुकीय अंश यकृताच्या पेशींत शिल्लक असतो. केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सुरू झाली, की तो पुन्हा उसळू शकतो आणि यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून अशा उपचारांपूर्वी विषाणूच्या गाभ्याविरुद्धच्या प्रतिपिंडांचीही चाचणी करतात.

टेनोफोव्हिर, एन्टेकॅव्हिर ही औषधे विषाणूची वाढ रोखतात. त्याचे समूळ उच्चाटन सहसा होत नाही. प्रत्येकाला औषध लागतेच असे नाही, पण नियमित तपासणी सर्वांनाच आवश्यक असते. बरे वाटते म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्यास आजार तीव्र रूपात उलटू शकतो. काविळीची माळ वा झाडपाला यांवर विसंबण्यात मोलाचा वेळ जातो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत सरकारी केंद्रांत तपासणी व उपचार मोफत मिळतात.

हा विषाणू रक्त, शरीरसंबंध आणि प्रसूती यांतून पसरतो. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा येथे पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे अनेकांचे प्राण गेले. एका ताटात जेवल्याने, आलिंगनाने किंवा स्तनपानाने मात्र तो पसरत नाही. त्यामुळे घरात रुग्णाची वेगळी ताटवाटी ठेवणे निरर्थक आहे. वेगळे ठेवायचे ते रेझर, टूथब्रश आणि नेलकटर.

लस हा सर्वांत खात्रीचा उपाय. जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिला डोस मिळाला, तर आईकडून होणारा संसर्ग बहुतांशी टळतो. आई बाधित असल्यास बाळाला त्यासोबत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देतात. देशभरातील नियमित लसीकरणात ही लस २०११ मध्ये आली. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना ती मिळालेलीच नाही. त्यांनी एकदा रक्त तपासावे. संसर्ग नसेल आणि संरक्षणही नसेल, तर लस घ्यावी. तपासणीत संसर्ग आढळलाच, तर तो घरच्यांपासून लपवू नये. त्यांचीही तपासणी आणि लसीकरण त्या एका सांगण्यावर अवलंबून असते.