पित्त म्हणून किती दिवस अंगावर काढायचं?



आमच्या मेढा भागात भातलावणीच्या दिवसांत गटाच्या बैठकीत एक तक्रार हमखास निघते. छातीत जळजळतं, बेंबीच्या वर दुखतं, आंबट ढेकर येतात. आपण म्हणतो, "पित्त झालंय." सोडा पितो, गोळी घेतो आणि कामाला लागतो. पुष्कळदा ते साधं पित्तच असतं. पण कधी कधी पोटात एक जंतू मुक्कामाला असतो. आज त्याची माहिती घेऊ.

त्याचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. तिखट आणि काळजी यांनीच अल्सर, म्हणजे जठरात जखम होते, असं पूर्वी डॉक्टरही मानत. १९८२ साली ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हा जंतू शोधला. मार्शल यांनी पुढे तो स्वतः पिऊन पाहिला, आणि त्यांच्या जठराला सूज आली! २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

जठरातल्या आम्लात हा टिकतो कसा? तो स्वतःभोवती अमोनिया तयार करून आम्लाचा जोर मारतो आणि जठराच्या चिकट अस्तरात राहतो. बहुतेक वेळा तो लहानपणी घरातल्या घरातच एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

मग एकाच घरात सासूबाईंना अल्सर आणि सुनेला काहीच नाही, असं का? त्याचं एक कारण जंतूच्या जनुकांत आहे. जनुक म्हणजे काय बनवायचं याची पेशीत लिहिलेली कृती. कॅग-ए नावाचं जनुक असलेला जंतू सुईसारख्या नळीतून आपलं प्रथिन जठराच्या पेशीत सोडतो. त्यानं सूज वाढते. वॅक-ए जनुकाचं विष पेशींत पोकळ्या पाडतं. ते काही जंतूंत जहाल असतं, काहींत सौम्य.

युरोपात कॅग-ए असलेल्या जंतूमुळे अल्सर आणि कर्करोग जास्त दिसतात. पण कोलकात्याच्या संशोधकांना हे जनुक अल्सरच्या रुग्णांत आणि धडधाकट माणसांतही सारखंच आढळलं. म्हणजे आपल्याकडे एकट्या जनुकावरून काही ठरत नाही. आपलं शरीर आणि सवयी यांचाही त्यात वाटा असतो. मिश्री आणि तंबाखू जठराला घातक. कंबर दुखते म्हणून वरचेवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतो.

घाबरू नका. हा जंतू असलेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९४ साली त्याला जठराच्या कर्करोगाचं कारण ठरवलंय, म्हणून दुर्लक्षही नको.

दुखणं वारंवार येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. वजन घटतंय, घास अडकतोय किंवा रक्त कमी होतंय, तर थांबूच नका. रक्ताची उलटी झाली किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, म्हणून त्या चालू असतील तर तसं सांगा.

जंतूची तपासणी श्वासावरून, शौचावरून किंवा दुर्बिणीनं होते. पित्ताची गोळी चालू असली तर जंतू तपासणीत लपू शकतो, म्हणून तेही आधी सांगा. औषधं बहुधा चौदा दिवसांची असतात. चार दिवसांत बरं वाटलं तरी मध्येच सोडू नका, नाहीतर उरलेला जंतू औषधाला दाद देत नाही. जंतू गेला का, याची नंतर पुन्हा तपासणी करून घ्या.

घरादाराचं दुखणं आपण लगेच दाखवतो. मैत्रिणींनो, स्वतःचंही दाखवा.