सिस्टर, माझा नंबर कधी?

इंदूरच्या एका दवाखान्यात मी मधुमेहाच्या ओपीडीत सिस्टर आहे. घरी मराठी, ड्यूटीवर हिंदी. दिवसभर सगळ्यात जास्त कानावर काय पडतं? "सिस्टर, मेरा नंबर कब आएगा?"

सोमवारी आमच्याकडे पन्नासेक पेशंट. पूर्वी सगळ्यांच्या कार्डावर एकच वेळ लिहिलेली असायची, सकाळी 9. डॉक्टर तासाला दहा जणांना तपासतात. म्हणजे पन्नासाव्याने दुपारी दोनपर्यंत ताटकळायचं, हे आम्हीच ठरवून दिलेलं! प्रत्येकाबरोबर मुलगा नाहीतर सून. बीपी घेण्याआधी पेशंटला पाच मिनिटं शांत बसवावं असं शिकलो होतो, पण बसवायला खुर्ची कुठली?

गेल्या पावसाळ्यात एका आजोबांनी उपाशीपोटी रक्त दिलं. साखरेची गोळी मात्र सवयीने घरूनच घेऊन आले होते. नंबर जाईल म्हणून खाली पोहे खायलाही गेले नाहीत. मी कपाटात कुणाची तरी फाइल शोधत होते. वळून पाहिलं तर आजोबा घामाने भिजलेले, हात थरथरताहेत, बोलणं तुटक. साखर 48. शुद्धीवर होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली. सावरले. त्यांच्या सुनेने एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही इथेच होतात ना?"

होते. पण फायलीत होते.

या गर्दीचं गणित जुनं आहे. इंग्लंडमध्ये नॉर्मन बेली यांनी 1952 मध्येच मांडलं होतं, की सुरुवातीला दोन पेशंट बोलवा, मग एका तपासणीला जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने एकेक. इतकं काटेकोर आम्हाला जमत नाही. आम्ही दर तासाला दहा जण बोलावतो. बाहेरगावच्यांना उशिराची वेळ देतो, बस चुकली तरी चालावं म्हणून. फायली आदल्या संध्याकाळी काढून ठेवायचं काम क्लार्ककडे गेलं. ते मिळवायला मला चार मीटिंगा लागल्या!

पेशंट तेवढेच, सिस्टरही तेवढ्याच. पण कॉरिडॉरमध्ये एका वेळी दहा-बाराच पेशंट असतात, चेहरे दिसतात. अर्थात डॉक्टर अर्धा तास उशिरा आले की सगळं पुढे ढकललं जातं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

तुम्ही आजीला घेऊन जाल तेव्हा दिलेल्या वेळेलाच जा. गोळ्यांची यादी बरोबर ठेवा, आणि रक्त देण्याआधी कुठली गोळी घ्यायची, कुठली नाही, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. गर्दीत सिस्टरला ते विचारायचं राहून जातं, हे मी माझ्यावरूनच सांगते.

त्या आजोबांची वेळ आता 11 ची आहे. येतात मात्र आठलाच. रक्त देतात, आणि मी त्यांना खाली पोहे खायला पाठवते.