हत्तीरोग : मोठा जंत मारणारे औषध हवे

हत्तीरोग विदर्भाला नवा नाही. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या वस्त्यांत सुजलेला पाय घेऊन आयुष्य काढणारी माणसे आपण पाहतो. काही जण याला पूर्वजन्मीचा भोग म्हणतात. हा भोग नाही, डासाने पसरवलेला जंत आहे. तुंबलेल्या गटारात, उघड्या सेप्टिक टाकीत क्युलेक्स डास वाढतो. गटार कोणाच्या दारात तुंबते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

दोऱ्यासारखे हे जंत शरीरातल्या लसीकावाहिन्यांत पाच-सात वर्षे जगतात आणि रक्तात लाखो सूक्ष्म पिल्ले सोडतात. पिल्ले रात्री रक्तात उतरतात, म्हणून तपासणीचे पथकही रात्रीच येते.

१९४७ मध्ये सापडलेले डीईसी आजही मुख्य औषध आहे. ते पिल्ले मारते, पण सगळे मोठे जंत मारत नाही. म्हणून गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. डीईसी आणि अल्बेंडाझोलला आयव्हरमेक्टिनची जोड दिली, तेव्हा पापुआ न्यू गिनीतल्या अभ्यासात एकाच मात्रेने बहुतेकांचे रक्त तीन वर्षे पिल्लांपासून मुक्त राहिले. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या तिहेरी उपचाराची शिफारस केली. भारतात तो २०१८च्या अखेरीस बिहारमधील अरवलपासून सुरू झाला. पुढच्याच टप्प्यात नागपूर आले.

मोठ्या जंतावरचा शोध मात्र अजून चालू आहे. या जंताच्या पोटात वोल्बाकिया नावाचे जिवाणू असतात. डॉक्सिसायक्लिनने ते मेले की जंतही हळूहळू मरतो. पण गोळ्या चार ते सहा आठवडे रोज घ्याव्या लागतात. गरोदर बाई आणि लहान मुलांना त्या चालत नाहीत. साऱ्या गावाला असा उपचार देणे अवघड. आता कुत्र्या-मांजरांच्या जंतांवरचे एमोडेप्साइड हे औषध याच कुळातल्या, आफ्रिकेतील 'रिव्हर ब्लाइंडनेस'च्या जंतावर तपासले जात आहे.

आयव्हरमेक्टिनही १९८१ मध्ये आधी जनावरांसाठीच बाजारात आले. जनावरांच्या औषधाला गिऱ्हाईक आहे. गरिबाच्या रोगाला नाही. म्हणून या संशोधनावर सरकारी पैसा खर्च व्हावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर हातात आहे ते सोडू नका. "पाय तर चांगला आहे, गोळी कशाला?" असे आम्हाला घरोघरी ऐकावे लागते. पाय चांगला असतानाच गोळी घ्यायची असते, कारण एकदा वाढलेला पाय पूर्ववत होत नाही. गोळ्या जेवण करून, आशाताईंसमोरच गिळा. गरोदर महिला, गंभीर आजारी आणि दोन वर्षांखालील बाळांना देऊ नका. नंतर थोडा ताप, डोकेदुखी झाली तर घाबरू नका. पिल्ले मरत असल्याची ती खूण आहे. त्रास वाढला तर आरोग्य केंद्रात जा.

पाय सुजलेला असेल तर तो रोज साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, बसताना पाय उंचावर ठेवा. हायड्रोसीलवर शस्त्रक्रिया होते. लाजून घरात बसू नका.