चर्चच्या दारावरील नोटीस

घरातली वस्तू गहाण ठेवून चार पैसे उचलण्याची पाळी ज्याच्यावर येते, तो शक्यतो कोणाच्या दृष्टीस न पडता दुकानात शिरतो. व्यवहार असा झाकून करण्याचा. परंतु असे दुकान काढू पाहणाऱ्याने मात्र आपला मनोदय चारचौघांत जाहीर केला पाहिजे, असा दंडक इंग्लंडात १८७२ च्या कायद्याने घातला.

हा धंदा नव्याने आरंभणाऱ्यास परवान्यापूर्वी मॅजिस्ट्रेटचा दाखला मिळवावा लागे. त्यासाठी अर्जाच्या निदान २१ दिवस आधी त्याने आपले नाव व पत्ता रजिस्टर पत्राने दोघांना कळवावयाचा : पोलीस अधिकाऱ्यास, आणि पॅरिशमधील गरिबांच्या मदतीची व्यवस्था पाहणाऱ्यास. चोर कोण हे पहिल्यास ठाऊक, उपाशी कोण हे दुसऱ्यास! शिवाय अर्जापूर्वीच्या २८ दिवसांत, लागोपाठ दोन रविवारी, सकाळी १० पासून सायंकाळी ५ पर्यंत, तीच सूचना चर्चच्या दारावर लावून ठेवावयाची. चर्च नसेल तेथे एखादी ठळक सार्वजनिक जागा चाले.

रविवारी सारी वस्ती चर्चपाशी जमे, हे उघडच आहे. पण त्या दिवसाला आणखीही एक अर्थ होता. कामगारांच्या कित्येक घरांतून ठेवणीतले कपडे सोमवारी गहाण पडत, शनिवारी पगार हाती आला की सुटत आणि रविवारी अंगावर चढत. म्हणजे नोटीस वाचणाऱ्या एखाद्याचा कोट आदल्या दिवसापर्यंत अशाच दुकानाच्या फळीवर असावयाचा. ज्याचा कोट सुटलाच नाही, तो बहुधा चर्चकडे फिरकत नसे. आणि नव्या दुकानाशी खरी गाठ त्याचीच पडावयाची होती.

नोटीस वाचून हरकत तरी कोणती घ्यावयाची? दाखला नाकारण्यास कायद्याने तीनच कारणे मान्य केली होती. अर्जदाराच्या सचोटीचा समाधानकारक पुरावा नसणे. त्याच्या दुकानात वा लगतच्या जागेत चोर व वाईट चालीची माणसे यांची ये-जा असणे. आणि ही सूचनाच रीतसर न देणे. वस्तीत अशी दुकाने फार झाली, या तक्रारीस तेथे थारा नव्हता. व्याजाचा दर कायद्यानेच बांधलेला होता : ४० शिलिंगांपर्यंतच्या कर्जावर दर दोन शिलिंगांस महिना अर्धा पेनी, म्हणजे वर्षास शेकडा २५. तेव्हा नोटिशीचा रोख व्याजावर नव्हता, चोरीच्या मालावर होता. चोरलेला चमचा वा घड्याळ खपविण्यास गहाणाचे दुकान फार सोयीचे, आणि कोणाच्या मागल्या दाराने कोण येते हे शेजाऱ्यांइतके कोणास ठाऊक असणार?

१८९४ च्या कायद्याने दाखल्याचे काम जिल्हा कौन्सिलांकडे सोपविले. पुढे १९७४ च्या ग्राहक-पतपुरवठा कायद्याने जुनी व्यवस्था मोडीत काढून परवान्यांची सार्वजनिक नोंदवही ठेवविली. २०१४ पासून हा कारभार वित्तीय आचरण प्राधिकरणाकडे आहे. त्याची नोंदवही कोणासही पाहता येते. मात्र ती मुद्दाम उघडून पाहावी लागते.