साडेतीन मीटरची पट्टी

साडेतीन मीटर रुंदीची पट्टी मोटारींना दिली, तर तासाभरात साधारण 2 हजार माणसे पुढे सरकतात. तीच सायकलींना दिली, तर आकडा 14 हजारांच्या आसपास जातो, असे वाहतूक नियोजनात मानले जाते. अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला हे गणित चांगलेच लागू पडते. माळीवाडा, कापडबाजार, दिल्लीगेट ही गजबजलेली ठिकाणे चालत जाण्याइतकी जवळ; नागापूरची एमआयडीसीही सायकलच्या टप्प्यातली. उन्हाळ्याची दुपार तेवढी आडवी येते.

खरी अडचण रस्त्याच्या आखणीत आहे. पुण्यात बीआरटीबरोबर, म्हणजे बसच्या स्वतंत्र मार्गिकांबरोबर, सायकल मार्ग झाले, 2017 मध्ये स्वतंत्र आराखडाही मंजूर झाला. प्रत्यक्षात मार्ग मध्येच विजेच्या खांबाला धडकतो, पुढे फूटपाथच्या उंच कडेशी संपतो, उरलेल्या जागेत दुचाक्या लावलेल्या. चौकात तर तो गायबच होतो, आणि धडकेचा धोका नेमका तिथेच जास्त! नेदरलँड्समध्ये म्हणूनच चौकाच्या कोपऱ्यावर छोटी बेटे बांधतात. वळणाऱ्या मोटारीला त्यामुळे वेग कमी करावाच लागतो आणि सायकलस्वार चालकाला समोर दिसतो. नगरमध्ये 2022 साली उड्डाणपूल सुरू झाल्याने बाहेरगावची बरीच वाहने वरून जातात. खालच्या चौकांत अशी बेटे आखून पाहता येतील.