दुःखातली आशा – लेखांक ५ : अंधारात संपणारं स्तोत्र

गेल्या आठवड्यात आपण ईयोबाच्या मित्रांपाशी थांबलो होतो. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर सारं ठीक होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. आज दुःख सोसणाऱ्याचंच ऐकू.

स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं पुष्कळ आहेत. बहुतेकांत गाऱ्हाणं, मग विनवणी आणि अखेर स्तुती असा प्रवास असतो. हेमान एज्राही याच्या नावावरचं ८८वं स्तोत्र मात्र तसं वळत नाही. हा माणूस तरुणपणापासून मरणाच्या छायेत आहे, जिवलग दुरावलेत, देव तोंड का लपवतो हे कळत नाही, आणि शेवटी अंधारच उरतो. तरी तो रोज हाक मारतो, पहाटे प्रार्थना करतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाच आरंभी आपला तारणारा म्हणतो. मला त्याची आशा इथे दिसते. बरं वाटेल की नाही हे त्याला ठाऊक नाही. कोणाशी बोलायचं, हे मात्र तो सोडत नाही.

मंडळीनं हे स्तोत्र गाळलं नाही. कॅथलिक परंपरेत दर शुक्रवारी झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत तेच म्हणतात. आपल्या प्रार्थनासभांत मात्र वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्याला "विश्वास कमी पडतोय" असं सहज ऐकवलं जातं. हे क्रूर आहे आणि पवित्र शास्त्राला धरूनही नाही.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहा. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीण. १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये पती बिपिनबिहारी. पदरात लहानगी मनोरमा. १८८३मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. साक्षीच्या ठरलेल्या साच्यात इथे दुःख संपायला हवं होतं. ते संपलं नाही. त्यांच्या शारदा सदन या शाळेतल्या मुलींच्या धर्मांतरावरून पुण्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली, ऐकू येणंही कमी होत गेलं. पण १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना आणायला त्या स्वतः गेल्या. भूक काय असते हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. त्या मुलींसाठी केडगावला मुक्ती मिशन वाढलं. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल असावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अनुवादाला बसल्या. १९२१मध्ये मनोरमाही गेली. त्यानंतर उरलेल्या काही महिन्यांतही त्यांनी ते काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४मध्ये छापून निघालं.

रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल एक क्रम मांडतो: संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेलं शील, शीलातून आशा. आशा इथे सर्वांत शेवटी येते. म्हणजे आज ज्याच्यात आशा उरलेली नाही, तो विश्वासातून बाहेर पडलेला नाही. तो या वाटेवर मागच्या मुक्कामी असेल. आठव्या अध्यायात तर पौल म्हणतो की शब्दही संपले, तर आत्मा आपल्यासाठी कण्हतो.

हे सगळं कशावर उभं आहे? पौलाचं उत्तर एकच: देवानं येशूला मेलेल्यांतून उठवलं. ही घडून गेलेली गोष्ट आहे, आपल्या उद्याच्या रिपोर्टवर ती अवलंबून नाही. आणि उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. थोमानं ते पाहिले. पुनरुत्थानानं जखमा पुसल्या नाहीत, म्हणून आपल्या जखमा लपवून देवापुढे जायची गरज नाही.

तुमच्या मंडळीत असं दीर्घ आजारपण किंवा शोक असलेलं एखादं घर असेलच. या आठवड्यात तिथे जा. घरातल्यांची इच्छा असेल तर ८८वं स्तोत्र सोबत वाचा, आणि लगेच ८९वं वाचायची घाई करू नका.