तापलेल्या कॉम्प्युटरला पाण्याचा गारवा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात चेन्नईला ताईकडे गेलो होतो. तामिळ पंचांगातले अग्नी नक्षत्र सुरू होते. तिथले लोक या दिवसांतल्या उन्हाला 'कत्तिरी वेयिल' म्हणतात. सकाळी नऊ वाजताच अंगातून घामाच्या धारा लागत. पण घरातल्या सगळ्या खोल्यांत भाच्याची खोली जास्त तापलेली. तो लग्नाच्या चित्रफिती संपादित करण्याचे काम घरूनच करतो. त्याचा भारी कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असतो.

त्या दिवशी मात्र कॉम्प्युटर बंद होता. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर पितळी जोड, नळ्या, एक छोटा पंप आणि मोटारीच्या रेडिएटरसारखी दिसणारी जाळी मांडून ठेवली होती.

"बघ रे बाबा," ताई म्हणाली, "मुलांना आपण लहानपणापासून सांगतो, ओल्या हातानं बटणाला हात लावू नका. आणि हा कॉम्प्युटरमध्ये पाणी खेळवायला निघालाय! गेल्या वर्षी माझ्या भिशीचे पैसे ह्यातच बुडाले."

भाचा ओशाळला. "मामा, गेल्या वर्षी चुकलंच. पण चूक कुठं झाली ते आता कळलंय."

झाले होते असे. त्याने स्वस्तात मिळाले म्हणून वेगवेगळ्या ठिकाणचे सुटे भाग एकत्र केले होते. प्रोसेसरवर बसवायचा ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा. नळातलेच पाणी फिल्टर करून भरले. चार महिन्यांत पाणी गढूळ झाले, ब्लॉकच्या बारीक खाचांत चिकट गाळ बसला आणि ऐन लग्नसराईत कॉम्प्युटर वारंवार बंद पडू लागला. एका लग्नाची चित्रफीत आठ दिवस उशिरा गेली. त्या कुटुंबाने ठरलेल्या पैशांतले निम्मेच दिले. आता पुन्हा वैकासी महिन्यातली लग्ने तोंडावर आली होती. आणखी एक चूक परवडणारी नव्हती.

कॉम्प्युटरमध्ये पाणी खेळवण्याची हौस आता मोठ्या शहरांतल्या अनेक तरुणांना आहे. तुमच्याही घरात असा एखादा भाचा किंवा मुलगा असेल, तर पैसे देण्याआधी पुढच्या गोष्टी त्याच्यासोबत बसून जरूर पाहा.

पाणी नक्की करते काय?

पाण्यामुळे कॉम्प्युटर 'फ्रिजसारखा गार' होतो, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. पाणी हे हमालाचे काम करते. प्रोसेसरजवळची उष्णता उचलायची आणि रेडिएटरपर्यंत नेऊन टाकायची, एवढेच. तिथे पंखे ती उष्णता खोलीतल्या हवेत सोडतात. खोलीतली हवा ३४ अंश असेल, तर रेडिएटरमधले पाणी ३४ अंशांच्या खाली कधीच जाणार नाही. चांगल्या जुळणीतही भर कामाच्या वेळी ते हवेपेक्षा दहाएक अंशांनी गरमच राहते.

मग पाणी कशाला? कारण तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता उचलू शकते. त्यामुळे चिमुकल्या चिपवरची उष्णता झटपट दूर नेऊन मोठ्या जाळीवर पसरवता येते. पंखे हळू फिरवले तरी चालतात, आवाज कमी होतो.

ही युक्ती काही नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकातच आपले काही मोठे कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवले होते. आपल्या पुण्यात आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेला सी-डॅकचा 'परम ब्रह्म' हा महासंगणकही पाणी खेळवूनच थंड ठेवला जातो.

"मग टाकीत बर्फ टाका की!" ताईने सुचवले. चेन्नईकरांना उसनी थंडी नवी नाही म्हणा. मरीना किनाऱ्यावर 'आइस हाऊस' नावाची इमारत आहे. फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने जहाजातून आणलेला बर्फ साठवण्यासाठी ती १८४२ साली बांधली. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून आज तिला विवेकानंदर इल्लम म्हणतात.

पण कॉम्प्युटरला बर्फ चालत नाही. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर सुमारे २६ अंशांच्या खाली गेलेल्या कोणत्याही वस्तूवर दव जमते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो, तसाच घाम नळ्यांना आणि ब्लॉकला फुटेल आणि थेंब थेट मदरबोर्डवर पडतील. किनाऱ्यावरच्या दमट शहरात, मग ते चेन्नई असो वा मुंबई, हवेपेक्षा गार पाण्याचा मोह टाळलेलाच बरा.

आधी गरज तपासा

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: इतकी उष्णता खरेच निर्माण होते का? हिशेब, पत्रे, मुलांचा अभ्यास यांसाठीच्या कॉम्प्युटरला साधा पंखा पुरतो. दीडशे वॅटपर्यंतच्या प्रोसेसरलाही तांब्याच्या नळ्या असलेला चांगला, उंच हवाई कूलर पुरेसा होतो. त्यात गळण्यासारखे काही नसते आणि दहा वर्षेही तो टिकू शकतो.

त्याच्या वरची पायरी म्हणजे कारखान्यातूनच पाणी भरून, बंद करून आलेला संच. त्याची जुळणी सोपी असते. मात्र आतला पंप बिघडला की बहुधा सगळा संचच बदलावा लागतो.

सुटे भाग निवडून केलेली जुळणी ही सर्वांत वरची पायरी. भाच्याचा इंटेल कोअर आय-९ १४९००के हा प्रोसेसर कमाल २५३ वॅट घेतो आणि त्याचे आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक कार्ड ४५० वॅट. दोन्ही मिळून ७०० वॅट, म्हणजे कपड्यांची इस्त्री खोलीत सतत चालू ठेवल्यासारखेच! त्याची गरज खरी होती.

सर्वांत जास्त पैसे रेडिएटरवर

चकचकीत ब्लॉक आणि रंगीत दिवे यांवर मुले आधी भुलतात. पण शेवटी उष्णता हवेत जाते ती रेडिएटरमधूनच. ढोबळ हिशेब असा, की पंखे शांतपणे फिरावेत अशी इच्छा असेल, तर दर १०० वॅटमागे १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढी जाळी हवी. तीन पंख्यांच्या रेडिएटरला ३६० चा रेडिएटर म्हणतात. ७०० वॅटसाठी असे किमान तीन हवेत. पुण्यातल्या हिवाळ्यात थोडी काटकसर चालून जाईल, चेन्नईत नाही. तिथे नुंगमबाक्कमच्या वेधशाळेत ३१ मे २००३ रोजी ४५ अंश तापमान नोंदले गेले होते. हिशेब नेहमी आपल्या गावच्या सर्वांत गरम दिवसाचा करावा.

खरेदीपूर्वी कॅबिनेट मोजा. ३६० चा रेडिएटर प्रत्यक्षात सुमारे ४०० मिलिमीटर लांब असतो. त्याची जाडी ३० आणि पंख्याची २५ मिळून ५५ मिलिमीटर जागा लागते. भाच्याने पुठ्ठ्याचे तेवढेच तुकडे कापून आधी कॅबिनेटमध्ये बसवून पाहिले. एक जागी मेमरीच्या पट्ट्या आड येत होत्या, ते दुकानात जाण्याआधीच समजले. पंखे घेताना दाट जाळीतून हवा ढकलण्याचा जोर असणारेच घ्यावेत आणि धूळ अडवणारी गाळणीही लावावी.

धातूंची सोयरीक

गेल्या वर्षीची मुख्य चूक इथे झाली होती. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्याने जोडले गेले, की ती एक छोटी बॅटरीच बनते. त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते आणि तो गाळ सगळीकडे पसरतो. म्हणून तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा यांचेच भाग एकत्र वापरावेत. ॲल्युमिनियम पाण्याच्या वाटेत कुठेही नको. एखाद्या स्वस्त जोडाच्या रूपातही नको. खोक्यावर नुसते 'मेटल' लिहिले असेल, तर कोणता धातू ते दुकानदाराला स्पष्ट विचारा. सांगता येत नसेल, तर ती वस्तू ठेवून द्या.

प्रोसेसरचा ब्लॉक आपल्या मदरबोर्डच्या सॉकेटवर बसतो ना, ते पाहावे. ग्राफिक कार्डाचा ब्लॉक तर नेमक्या त्याच मॉडेलचा लागतो, नुसते कार्डाचे नाव सारखे असून भागत नाही. शिवाय कार्ड उघडल्याने त्याची वॉरंटी राहते की जाते, हेही आधीच विचारून घ्यावे.

पंप, टाकी आणि नळ्या

पंप नेहमी टाकीच्या खाली हवा, म्हणजे त्यात पाणी आपोआप उतरते. आतले पाणीच पंपाला वंगणाचे काम करते, म्हणून तो क्षणभरही कोरडा चालवू नये. 'डी५' प्रकारचे पंप शांत चालतात. 'डीडीसी' प्रकारचे आकाराने लहान असतात, पण स्वतः जास्त तापतात.

"आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक कार्ड?" असा वाद मुले घालतात. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल, तर ५०० वॅट उष्णता घेऊनही ते एका फेरीत जेमतेम दोन अंशांनी गरम होते. त्यामुळे नळी कमी वळणांची आणि सोपी होईल तो क्रम चांगला.

नळ्यांमध्ये पारदर्शक कडक नळ्या दिसायला छान, पण त्यांतल्या पीईटीजी प्रकारच्या नळ्या साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. चेन्नईच्या उन्हाळ्यात पंप बंद पडला, तर तिथपर्यंत जायला वेळ लागणार नाही. ईपीडीएम रबराच्या काळ्या, लवचिक नळ्या दिसायला साध्या, पण पहिल्यांदाच जुळणी करणाऱ्याला त्याच योग्य. जोड बहुधा पाव इंची आट्यांचे असतात. नळीची आतली आणि बाहेरची दोन्ही मापे जोडाशी जुळली पाहिजेत. प्रत्येक जोडातला रबरी वायसर जागेवर बसला आहे का, हे बघावे आणि जोड हातानेच आवळावा. पान्याने फार आवळल्यास ब्लॉकचे प्लॅस्टिक तडकते.

पाणी कोणते भरावे?

नळाचे, बोअरचे किंवा घरच्या आरओ यंत्राचे पाणी नको. आरओच्या पाण्यातही क्षार थोडेफार उरतातच. डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात गंज आणि शेवाळ रोखणारे द्रव्य घालावे किंवा त्याच कामासाठी मिळणारा तयार कूलंट वापरावा. सगळे मिळून लिटर-दीड लिटरच लागते. दुधासारखे दाट रंगीत कूलंट टाळा, त्यातले कण कालांतराने खाचांमध्ये बसतात. कूलंटची बाटली लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. वीज वाहू न देणारा द्रव असा दावा असला, तरी काही दिवसांत त्यात धातूचे अंश मिसळतात. तेव्हा गळती ही गळतीच समजावी.

घाईने सुरू करू नका

जुळणी झाल्यावर भाचा लगेच बटण दाबणार होता. या वेळी ताईनेच त्याला अडवले. नियम असा आहे: प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड यांपैकी कशालाही वीज न देता आधी फक्त पंप चालवायचा. त्यासाठी एसएमपीएसला लावायचा छोटा जोड मिळतो. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा आणि चोवीस तास थांबायचे. पाणी भरण्याआधी हवेचा दाब देऊन गळती शोधणारे छोटे उपकरणही मिळते. नवख्याने ते जरूर वापरावे.

आम्ही पंप सुरू केला. रात्री अकरा वाजता एका कागदावर नाण्याएवढा ओला डाग दिसला. रेडिएटरच्या एका जोडातला वायसर दुमडला होता. पाणी काढून तो बदलला आणि चोवीस तास पुन्हा पहिल्यापासून मोजले. वीज चालू असती, तर त्या एका थेंबापायी ग्राफिक कार्ड गेले असते. ताईने कपाळाला हात लावला, पण काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू झाला. दुपारी खोलीतले तापमान ३४ अंश होते. दोन तास चित्रफितीचे काम केल्यावर पाणी ४५ अंशांवर स्थिरावले. प्रोसेसर मध्येच वेग कमी करीनासा झाला. खोली मात्र पूर्वीइतकीच तापली, कारण उष्णता गेली ती खोलीतच. तेव्हा खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवायचे ठरले. पाण्यावर खर्च करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आधीच लक्षात घ्यावी.

निघताना स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयकडे लक्ष गेले. नोव्हेंबरच्या पानावर, गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी ताईने लिहून ठेवले होते, 'कॉम्प्युटरचे पाणी तपासणे.' आणि त्याखाली, बारीक अक्षरात, 'भिशीचे पैसे परत, पहिला हप्ता.'